दोन हातांत दोन बीपी? मशीनला शिव्या घालायच्या आधी हे वाचा

घरोघरी बीपीचं डिजिटल मशीन आल्यापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो, उजव्या हाताला १५० दाखवतंय अन् डाव्याला ११०, मशीन बिघडलं का? बहुतेक वेळा पट्टाच नीट बांधलेला नसतो, मधे शर्टाची बाही असते, नाहीतर माणूस आत्ताच जिना चढून आलेला असतो. पण एवढा फरक पुन्हा पुन्हा येत असेल, अन् समोर बसलेली पोरगी पंचवीस वर्षांची असेल, तर मशीन खरं बोलतंय असं धरून चालायचं. रक्तवाहिन्यांचे काही आजार असे आहेत की ते लाखात एखाद्याला होतात अन् नेमके म्हणूनच वर्षानुवर्षं सापडत नाहीत, तोवर पेशंट अशक्तपणाच्या सलाईनी लावून घेतो, टीबीच्या गोळ्या खातो, कमरेचा एमआरआय काढून येतो, कुणी म्हणलं म्हणून अंगाराही लावतो.

यात मशीन नसतात म्हणून आजार नजरेतून सुटला असं फार कमी वेळा होतं. चारही हातापायांची नाडी कुणी बोटांनी चाचपून बघितली नाही म्हणूनच जास्त वेळा सुटतो. त्याला ना करंट लागतो ना पैसे, म्हणून हे लिहायला घेतलं.

## आधी पाइपलाइन समजून घेऊ

मराठवाड्यात ठिबक कुणाला समजवायची गरज नाही. मोटारीपासून निघालेली मेन लाईन, तिच्यातून सबमेन, सबमेनमधून लॅटरल अन् शेवटी थेंब थेंब सोडणारे ड्रिपर. अंगातही तसंच, हृदय ही मोटार, तिथून निघणारी महाधमनी ही मेन लाईन, हात, पाय, मेंदू, मूत्रपिंड यांना जाणाऱ्या मोठ्या धमन्या म्हणजे सबमेन, अन् बोटांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लॅटरल अन् ड्रिपर.

पाइप चोक व्हायची कारणं वेगवेगळी. क्षार साचतात, तसं वय झाल्यावर, शुगर, सिगरेट अन् कोलेस्टेरॉलमुळं धमनीत आतून थर बसतो, हे सगळ्यात कॉमन अन् ते डॉक्टर लोक चटकन ओळखतात. कधी रक्ताची गाठ येऊन अडकते. पण तिसरा प्रकार निराळा आहे, त्यात पाइपात काही साचत नाही, पाइपची भिंतच सुजून जाड होते अन् आतली वाट बारीक होत जाते. अंगाची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिनीवर उलटली की असं होतं. याला डॉक्टर व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीची सूज. हा एकच आजार नाही, अख्खं खानदान आहे, अन् कोणत्या मापाचा पाइप सुजलाय त्यावर लक्षणं ठरतात. मेन लाईन सुजली तर नाडी अन् बीपीत फरक, लॅटरल सुजल्या तर बोटं काळी पडणं, ड्रिपर सुजले तर कातडीवर जांभळे ठिपके, लघवीतून रक्त, फुफ्फुसातून रक्त.

आता बीपीचं मशीन म्हणजे प्रेशर गेज. चोकच्या पुढं गेज लावलं तर प्रेशर कमीच दिसणार, अन् तिकडं मोटारीजवळ पाइप फुटायच्या बेतात असेल तरी आपल्याला पत्ता नाही. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

## नाडीच लागत नाही असा आजार

१९०८ साली जपानमधल्या कानाझावाच्या ताकायासु नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी २१ वर्षांच्या एका बाईची केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. तिच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं तयार झालं होतं. गंमत बघा, त्याच सभेत दुसरे दोन डॉक्टर उठून म्हणाले की आमच्याकडंही असले पेशंट आहेत अन् त्यांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. डोळा अन् मनगट यांचा संबंध असा जुळला, कारण वरच्या धमन्या बंद होत गेल्या की डोळ्याला रक्त कमी पडतं अन् तो नव्या वाटा काढायला बघतो. आज या आजाराला ताकायासु आर्टेरायटिस म्हणतात, साध्या भाषेत नाडी हरवण्याचा आजार.

हा मुख्यतः चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो अन् आशियात जास्त दिसतो. आपल्याकडं तो कसा लपतो ते बघा. सुरवातीला बारीक ताप, वजन उतरणं, सांधे दुखणं, सारखा थकवा. पंचविशीतली बाई असं सांगायला लागली की घरचे म्हणतात रक्त कमी असेल, गावातला डॉक्टर सलाईन लावतो, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, वाढलेला दिसला की टीबीचा संशय येतो. यात कुणी वाईट वागलं असं नाही, आपल्या भागात ॲनिमिया अन् टीबी दोन्ही भरपूर आहेत, तेच आधी सुचणार. पण पुढं काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, दुसरी लक्षणं येतात अन् ती जुन्या थकव्याशी कुणी जोडत नाही. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, भाकरी थापताना हात भरून येतो अन् खाली सोडला की बरं वाटतं. मान वळवली की चक्कर. एका हाताला बीपी लागतच नाही.

भारतातल्या पेशंटमधे पोटातली महाधमनी अन् मूत्रपिंडाला जाणाऱ्या धमन्या जास्त वेळा धरतात, त्यामुळं इथं बरेचदा पहिली खूण म्हणजे कोवळ्या वयात खूप चढलेलं बीपी. त्यामागचं कारण गेजवालंच आहे, मूत्रपिंड चोकच्या पुढं बसलेलं, त्याला वाटतं अंगातलंच प्रेशर पडलंय, म्हणून ते प्रेशर वाढवायचे हार्मोन सोडत बसतं अन् बाकीच्या शरीरात बीपी भडकतं. बाळंतपणात बीपी वाढलं अन् नंतरही खाली आलंच नाही अशी केस असेल तर निदान एकदा तरी हे डोक्यात यायला पाहिजे.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे खांद्याजवळची धमनी बारीक झालेल्या हाताचंच बीपी प्रत्येक वेळी घेतलं जाणं. बहुतेक ठिकाणी टेबलाच्या रचनेमुळं ठराविक एकच हात पुढं केला जातो. तिथं ११० बाय ७० येतं, सगळे खूष, अन् दुसऱ्या हाताला १९० असतं जे कुणी बघितलेलंच नाही. क्वचित दोन्ही हातांच्या धमन्या धरलेल्या असतात, मग खरं बीपी फक्त पायातच कळतं, ते झोपवून अन् मोठा पट्टा लावून घ्यायचं असतं.

## घरी काय बघता येतं

पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला टेबलावर, बाही काढलेली. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. एका हाताचं घ्या, दुसऱ्याचं घ्या, मिनिटभर थांबून दोन्ही परत घ्या. वरच्या आकड्यात दहाच्या आतला फरक बऱ्याच धडधाकट लोकांत असतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. वीस किंवा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरला दाखवा, अन् तोवर ज्या हाताला जास्त येतं तेच खरं बीपी समजा. साठीच्या पुढच्या माणसात हाच फरक बहुतेक वेळा साध्या कोलेस्टेरॉलच्या थरामुळं असतो, तोही दाखवण्यासारखाच आहे.

नाडी बघायला तीन बोटं वापरा, अंगठा नको, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते अन् फसगत होते. दोन्ही मनगटं एकाच वेळी धरून बघा, एकीकडं टणक ठोका अन् दुसरीकडं मलूल असं आहे का. पायाची नाडी दोन ठिकाणी मिळते, पावलाच्या वरच्या बाजूला अंगठा अन् शेजारच्या बोटाच्या फटीच्या रेषेत मधोमध, अन् आतल्या घोट्याच्या हाडामागं. पावलावरची नाडी काही लोकांना जन्मतःच लागत नाही, त्यामुळं ती एकटीच नाही सापडली तर घाबरून जायचं कारण नाही, घोट्यामागची लागतेय का ते बघा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या एकदम दाबायच्या नाहीत, चक्कर येऊन माणूस पडतो.

डॉक्टर यापुढं एक गोष्ट करतात, गळपट्टीच्या हाडाच्या वर अन् बेंबीच्या आसपास स्टेथोस्कोप लावून ऐकतात. बारीक वाटेतून रक्त जोरात गेलं की सूं सूं आवाज येतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

## विडी ओढणाऱ्याचा पाय

योगायोग असा की त्याच १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय हॉस्पिटलात लिओ बर्गर नावाचे डॉक्टर कापून काढलेले पाय तपासत होते. त्यातून जो आजार नीट समजला त्याला बर्गरचा आजार म्हणतात. ताकायासु बायकांचा म्हणावा तर हा तरण्या पुरुषांचा, वय पन्नाशीच्या आत, बहुतेक चाळिशीच्या आसपास, अन् जवळजवळ प्रत्येकाला तंबाखूचं व्यसन. आपल्याकडं त्यात विडीवाले खूप.

सुरवात तळपायाच्या कमानीत दुखण्यापासून होते, थोडं चाललं की दुखतं, थांबलं की राहतं. पेशंटला वाटतं चप्पल चावते. पुढं रात्रीचं झोपेत दुखायला लागतं, माणूस उठून पाय खाटेखाली लोंबकळत सोडून बसतो तेव्हा जरा आराम पडतो, कारण खाली सोडल्यावर थोडं रक्त उतरतं. मग बोटाच्या टोकाला एक छोटी जखम, ती भरत नाही, नखाजवळ काळं पडतं. कधी कधी त्याआधी पायावर वरच्या शिरांमधे लाल, दुखऱ्या गाठी येऊन जातात, आज इथं, महिन्याने तिथं. हाताच्या बोटांनाही हे होतं, ते बर्गर ओळखायची एक चांगली खूण आहे, कारण शुगरवाल्याचा आजार सहसा हाताची बोटं धरत नाही.

चुकतं कुठं? एक तर सायटिका समजून कमरेवर उपचार चालतात. पण नसेच्या दुखण्यात पायाची नाडी चांगली लागते अन् पाय गरम असतो, इथं पाय गार अन् नाडी गायब. दुसरं म्हणजे कुष्ठरोगाचा किंवा शुगरचा पाय. तिथं जखमेला दुखतच नाही, बधिर असते, अन् बर्गरमधे माणूस दुखण्यानं रडकुंडीला येतो. अर्थात शुगरवाल्याला दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून नाडी बघितल्याशिवाय ठरवायचं नाही.

इलाजाबद्दल लोकांना ऐकायला आवडत नाही ते सांगतो. या आजारात लहान नळ्या बंद होतात, त्यामुळं बायपास करायला पुढं जोडायला धड जागाच उरत नाही. खरा इलाज एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी केली, विडी सोडून मिश्री धरली, दिवसाला दोनच ओढतो, हे काही चालत नाही, एवढ्याशा तंबाखूनंही आजार जागा राहतो. बोट काळं पडायच्या आत सोडली तर पाय वाचायची शक्यता खूप चांगली, नाही सोडली तर आधी बोट, मग पंजा, मग गुडघ्याखाली. गुटखा अन् तोंडातली तंबाखू यांनाही सूट नाही, तेही निकोटिनच आहे.

## लेकराचा ताप पाच दिवस उतरत नाही

हा भाग थोडक्यात, पण पाच वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर नक्की वाचा. पाच दिवस किंवा जास्त चढता ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लाल होऊन फुटलेले, जीभ दाणेदार लाल, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेत गाठ. यातल्या चारपाच गोष्टी एकत्र दिसल्या तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. तोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी पहिलं लेकरू १९६१ मधे बघितलं अन् १९६७ मधे ५० लेकरांचा अभ्यास छापला. बाहेरून हे गोवर किंवा औषधाची ॲलर्जी वाटतं. लक्षणं एकदम न येता एकामागून एक येतात, आईनं सोमवारी बघितलेले लाल डोळे गुरुवारी डॉक्टरला दिसत नाहीत, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, खरंच उपयोग होतो.

घाई कशाची? हृदयाच्या स्वतःच्या धमन्या सुजतात अन् उपचार नाही मिळाले तर साधारण चारात एका लेकराच्या धमनीला फुगा येतो. इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन पहिल्या दहा दिवसांत दिलं तर हे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास उतरतं. औषध महाग आहे, पण वजनावर द्यायचं असतं, म्हणजे जितकं लेकरू लहान तितका खर्च कमी. बोटांच्या टोकाची कातडी निघणं ही प्रसिद्ध खूण दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात येते, तिची वाट बघत बसू नका.

## टीबीच्या गोळ्या चालू आहेत पण फरक नाही

खोकला, खोकल्यातून रक्त, एक्सरेत फुफ्फुसाला खड्डा, वजन उतरलेलं. आपल्याकडं कुणीही टीबीच म्हणणार अन् म्हणायलाच पाहिजे. पण थुंकीत जंतू नाही, सीबीनॅट ही टीबीची मशीनवरची तपासणी निगेटिव्ह, दोन महिने गोळ्या खाऊनही ताप तसाच, अन् जोडीला नाकातून खपल्या अन् रक्त, कान वाहणं, सायनसचा त्रास असेल तर बारीक रक्तवाहिन्यांच्या सुजेचा जीपीए नावाचा प्रकार असू शकतो. इथं सगळ्यात कामाची टेस्ट सगळ्यात स्वस्त आहे, साधी लघवीची तपासणी. लघवीत रक्ताच्या पेशी अन् प्रोटीन निघालं तर मूत्रपिंडही धरलंय, अन् नाक, फुफ्फुस, मूत्रपिंड हे त्रिकूट एकत्र दिसलं की अँका नावाची रक्ततपासणी अन् गरज पडली तर मांसाचा तुकडा काढून तपासणी. मनानं टीबीच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, हा निर्णय डॉक्टरचाच.

## मग सगळ्या टेस्ट एकदाच करून टाकल्या तर?

नको. ईएसआर अन् सीआरपी म्हणजे अंगात कुठंतरी सूज आहे एवढंच सांगतात, दाढ दुखली तरी वाढतात, अन् ताकायासुमधे आतून आजार चालू असताना ईएसआर नॉर्मल येऊ शकतो. अँका पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असंही नाही, काही इन्फेक्शनमधेही येते. आधी माणसाला हात लावून तपासणं, मग नाडीच्या फरकावरून कुठं बघायचं ते ठरवणं, मग त्या जागेचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, अन् संशय पक्का झाला तर सीटी अँजिओ किंवा एमआर अँजिओ. अँजिओत भिंत किती जाड झालीय अन् वाट किती उरलीय दोन्ही दिसतं. कमरेच्या एमआरआयमधे पायाची धमनी तपासलेली नसते, त्यामुळं एमआरआय नॉर्मल आला म्हणून पायाची नाडी नॉर्मल होत नाही.

डॉक्टरला चालू औषधं सगळी सांगा. अर्धशिशीवरची एरगोटामिनची गोळी रक्तवाहिन्या आवळते अन् काही अँटिबायोटिकसोबत घेतली तर बोटं काळीनिळी पडण्यापर्यंत वेळ येते, तो आजार नसतो, गोळीचा प्रताप असतो.

## एवढे दुर्मिळ आहेत तर डोक्याला ताप कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. ताकायासुचे नवे पेशंट जगभरात ढोबळमानानं वर्षाला दहा लाखांमागे एक-दोन धरतात. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. हाच हिशोब लावला तर आपल्या आठ जिल्ह्यांत वर्षाला वीस ते चाळीस, अन् हा एकच आजार झाला. गावातल्या डॉक्टरला अख्ख्या प्रॅक्टिसमधे एखादाच पेशंट भेटेल, पण त्या एखाद्या पेशंटचं आयुष्य त्या एका भेटीवर असतं. अन् नाडी बघायची सवय लागली की त्यात साधे, कॉमन आजारही लवकर सापडतात, म्हणजे मेहनत वाया जात नाही.

डॉक्टरला आपण कसं शिकवायचं असं वाटत असेल तर शिकवू नका, नुसतं विचारा, सर, दुसऱ्या हाताचं बीपी पण बघता का. चांगला डॉक्टर चिडत नाही.

## स्टेरॉइडनं माणूस फुगतो, नको ते

ताकायासुसारख्या धमनीच्या सुजेवर पहिलं औषध स्टेरॉइड. त्याचे साइड इफेक्ट आहेत, वजन वाढतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खोटं कशाला बोलायचं. पण सूज चालू असताना दुसरं काही इतक्या लवकर काम करत नाही, म्हणून सुरवात त्यानं अन् मग मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन असली रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जोडून डोस उतरवत न्यायचा. एकदम बंद करायचं नाही, जिवावर बेतू शकतं. स्टेंट किंवा बायपास शक्यतो सूज शांत झाल्यावर, नाहीतर जागा परत बंद होते.

खरी भीती वाटायला हवी ती बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांची. त्यांच्यात कित्येकदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं, दोन दिवसांत गुण येतो, ताप जातो, ईएसआर खाली येतो अन् डॉक्टरकडं जाईपर्यंत आजाराच्या खुणाच पुसलेल्या असतात, आत धमनी मात्र बारीक होतच राहते.

## कुणाकडं जायचं

धमनीच्या सुजेचा डॉक्टर म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट, पाटीवर संधिवाततज्ज्ञ लिहिलेलं असतं म्हणून लोक फक्त गुडघेदुखीसाठी जातात. अडलेली वाट मोकळी करायचं काम व्हॅस्क्युलर सर्जनचं. तालुक्याला हे मिळत नाहीत, त्यामुळं आधी जवळच्या एमडी मेडिसिनवाल्याला किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवा, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, तिथून चिठ्ठी घ्या. पुढं नांदेडचे लोक हैदराबादला जातात, धाराशिवचे सोलापूरला, तेही ठीकच. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधीच विचारा.

दोन गोष्टींत मात्र चिठ्ठीची वाट बघायची नाही. हात किंवा पाय एकदम गार, पांढरा अन् असह्य दुखायला लागला तर तो वाचवायला साधारण सहा तास असतात, मालीश करत बसू नका, शेक देऊ नका, गाडी काढा. अन् पन्नाशीपुढच्या माणसाला नवीनच डोकेदुखी, कानशिलाला हात लावला की दुखतं, चावताना जबडा भरून येतो अन् त्यात डोळ्यासमोर अंधारी आली तर त्याच दिवशी दवाखाना. ही कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात तिला. आपल्याकडं हा आजार कमी दिसतो, पण गेलेली नजर परत येत नाही.

जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, दोन्ही हातांच्या बीपीची वही न्या, अन् अँजिओची नुसती फिल्म न घेता सीडी मागून घ्या, कारण मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर धमनी स्वतः फिरवून बघतो. डॉपलरच्या चकचकीत कागदावरचे फोटो कालांतरानं पुसट होतात, अन् लॅमिनेशनला टाकले तर गरम रोलरमधे काळेकुट्ट होऊन बाहेर येतात, त्यांचा मोबाईलवर फोटो मारून एक झेरॉक्स फाईलला लावा.